खुर्चीसाठी उटणं

मोहनराव देशमुखांना खुर्ची हवी होती. घरातल्या खुर्च्यांवर त्यांचं मन नव्हतं. दर उन्हाळ्यात निजाम सरकारचे जिल्ह्याचे अधिकारी, तालुकदार साहेब, दौऱ्यावर आले की शिरूरच्या नदीकाठी त्यांचा तंबू पडे आणि आसपासच्या गावांचे पाटील-देशमुख मुजऱ्याला जात. सगळ्यांनी सतरंजीवर बसायचं. साहेबांच्या शेजारी मात्र एक जादा खुर्ची मांडलेली असे. तिच्यावर ज्याला बोलावणं येई, तो पुढं वर्षभर मान ताठ करून हिंडे. गेल्या साली ही खुर्ची शेजारच्या गावच्या बद्रीनाथ पाटलाला मिळाली आणि तेव्हापासून मोहनरावांना अन्न गोड लागेना.

मधे एका दाव्यासाठी ते हैदराबादला जाऊन आले. तिथले गोरेपान नवाब-जहागीरदार त्यांनी लांबून पाहिले आणि त्यांना साक्षात्कार झाला की मोठेपणा असतो तो कातडीत. बद्रीनाथ तर आपल्याहून काळा आहे, मग त्याला खुर्ची कशी मिळाली, हा साधा प्रश्न त्यांच्या डोक्यात आला नाही. तिथं फारसं काही येत नसे.

त्या साली पाऊस झाला नव्हता. प्रत्येक गावानं आपल्या तळ्याचा गाळ काढावा आणि देशमुख-पाटलांनी स्वतः उन्हात उभं राहून काम करून घ्यावं, असा सरकारी हुकूम सुटला होता. मोहनरावांनी तळ्यावर कारभारी धाडला, माजघराच्या दाराला ओलं गोणपाट लावलं आणि आत बंकट न्हाव्यापुढं उघड्या अंगानं बसले. मसुराचं पीठ, आंबेहळद, चंदन आणि साय असं उटणं बंकट कालवी आणि हलक्या हातानं गोल गोल चोळी. उन्हानं करपलेली कातडी काळ्या वळ्या होऊन चटईवर पडे.

"हळू बे, बंकट. कातडं माझं हाय, म्हशीचं न्हाई."

"हळूच चोळायलोय मालक. पण मळ लई निबर हाय."

घरातली सगळी साय अशी देशमुखांच्या पाठीवर जाऊ लागली. पोरांना कोरडी भाकरी खाताना पाहून त्यांच्या बायको सत्यभामाबाईंचा संयम सुटला.

"गाव तळं खोदायलंय अन् तुमी अंग खोदून घ्यायलाव," त्या म्हणाल्या.

बायकांना दरबाराची रीत कळत नाही, एवढं बोलून मोहनरावांनी दुसरी बाजू पुढं केली.

खोटं कशाला बोला, बंकटच्या हाताला गुण होता. दौऱ्याच्या दिवशी मोहनराव तंबूत शिरले तेव्हा त्यांचा चेहरा नुसता तुकतुकत होता. बाकीचे सगळे तळ्यावर उभे राहून भाजून निघालेले. बद्रीनाथच्या नाकाची तर सालं निघत होती. मोहनरावांनी त्या नाकाकडं तुच्छतेनं पाहिलं आणि रिकाम्या खुर्चीपासून जवळात जवळची जागा धरली. बंकट त्यांची छत्री घेऊन दाराशी उभा राहिला.

तालुकदार साहेब घामानं बेजार झाले होते. पाठीवर घामोळं उठलेलं, त्यामुळं बोलता बोलता ते खुर्चीच्या पाठीला पाठ घाशीत होते. एकेकाला तळ्याचं विचारत त्यांची नजर मोहनरावांवर आली आणि तिथंच थांबली. इतके दिवस उन्हात उभा असलेला माणूस असा कसा दिसतो, असं त्यांनी विचारलं. सतरंजीवर कुणीतरी खोकलं. आता खुर्ची तर राहोच, देशमुखी टिकते की नाही, अशी मोहनरावांना भीती वाटली. पण खोटं बोलण्यात ते कधी मागं राहिले नव्हते.

"सारा दिस तळ्यावरच व्हतो हुजूर," ते म्हणाले. "पण आमच्या घरचं उटणं हाय. सांजच्याला लावलं की ऊन उतरतं."

साहेबांनी पाठ घासणं थांबवलं. या उटण्यानं घामोळं जाईल का, आणि ते लावतं कोण, हे त्यांनी मोठ्या आस्थेनं विचारलं. दाराशी बंकटनं छत्री खाली ठेवली आणि एक पाऊल पुढं टाकलं. ते पाऊल मोहनरावांनी पाहिलं. सगळ्यांदेखत साहेब एका न्हाव्याला जवळ बोलावणार आणि आपण सतरंजीवर बसून बघणार, ही कल्पना त्यांना सोसली नाही.

"दुसऱ्याच्या हाताला गुण येत न्हाई हुजूर. आमच्या घराण्याचाच हात लागतो."

"बहोत खूब," म्हणत साहेब उठले आणि मोहनरावांना आतल्या राहुटीत घेऊन गेले.

बंकटनं घरून उटणं आणून दिलं. साहेब अंगरखा काढून खुर्चीवर उलटे बसले. ज्यानं जन्मात स्वतःची पाठ चोळली नव्हती, तो साहेबांची चोळू लागला आणि पहिल्याच हाताला साहेब कळवळले.

"आहिस्ता, देशमुख. चमडी हमारी है."

मोहनराव आहिस्ता चोळू लागले. साहेबांना इतकं बरं वाटलं की त्यांचा डोळा लागला. हात थांबला की ते जागे होत, म्हणून हात थांबवायची सोय नव्हती. तिकडं बाहेर तळ्यांची चर्चा पुरी करायला साहेबांच्या पेशकारांना, म्हणजे मुख्य कारकुनांना, जाणता माणूस हवा होता. त्यांनी बद्रीनाथला त्या रिकाम्या खुर्चीवर बसवलं.

संध्याकाळी गाव पारावर जमलं. साहेबांनी बद्रीनाथला बाहेर ठेवलं आणि आपल्याला आतल्या राहुटीत नेलं, हे मोहनरावांनी सगळ्यांना सांगितलं, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. आत काय बोलणं झालं, असं लोकांनी विचारलं. राज्यकारभाराच्या गोष्टी बाहेर सांगायच्या नसतात, असं म्हणून ते ताठ मानेनं घरी गेले. बंकट गालातल्या गालात हसत राहिला.

सकाळी साहेबांचा चपराशी घोड्यावरून आला आणि पाराशी थांबून खड्या आवाजात विचारू लागला, "सायबाचा उटणंवाला कुठं ऱ्हातो?"

पारावर बसलेल्या मोहनरावांनी तिथल्या तिथं बंकटच्या घराकडं बोट केलं. चपराशानं मान हलवली.

"न्हावी नगं. घराण्याचा हात पायजे, असा हुकूम हाय. पेशकार सायबालाबी घामोळं उठलंय."

पारावर कुणी हसलं नाही. हसू दाबून सगळे जमिनीकडं पाहत राहिले, आणि मोहनरावांना ते हसण्याहून जास्त लागलं. सत्यभामाबाईंनी सायीच्या उटण्याची काठोकाठ भरलेली वाटी आणून पारासमोरच्या आपल्या उंबऱ्यावर ठेवली. बैलगाडी तळ्याच्या कामाला गेली होती. ऊन वर आलं होतं. मोहनरावांनी इकडं तिकडं पाहिलं, वाटी उचलली आणि शिरूरच्या वाटेला लागले.

"मालक," मागून बंकट म्हणाला, "छत्री ऱ्हायली."

पण वाटी दोन्ही हातांनी धरावी लागत होती.