किनारा आहे, पाण्याचा उल्लेख नाही

या मंडळी, पुढं सरका. भिंतीला टेकून ऐकलेली कथा अर्धी भिंतच पिऊन टाकते. महाराज यायला अवकाश आहे, टाळ अजून पिशवीतच आहेत, तोवर मी एक कथा सांगतो. देवादिकांची नाही, आपल्या नव्या जिल्ह्याची. पण तिच्यातही वरदान आहे आणि शाप आहे. संपली की मी एक मागणं मागणार आहे. घाबरू नका, वर्गणी नव्हे.

तर उदगीर आणि देगलूरच्या मधल्या पट्ट्यात नवा जिल्हा झाला, ते वर्ष दुष्काळाचं. पाऊस आला नाही, जिल्हा आला. कचेरी तुरीच्या एका रिकाम्या गोदामात थाटली. तिथं नियोजन अधिकारी म्हणून रेणुकादासराव रुजू झाले. माणूस सज्जन, कीर्तनात डोळे मिटून टाळी वाजवणारा. कचेरीतही डोळे मिटलेलेच असत, टाळी तेवढी नसे.

वरून हुकूम आला की जिल्ह्याचा आराखडा ताबडतोब सादर करावा. जुना जिल्हा कागद सोडेना. तेव्हा रेणुकादासरावांनी कोकणातल्या एका स्नेह्याकडून त्याच्या जिल्ह्याचा आराखडा मागवला, जिल्ह्याचं नाव तेवढं बदललं आणि पाठवून दिला. त्यातला मच्छीमार धक्का वरच्यांनी कापला. समुद्र नाही म्हणून नव्हे, खर्च जास्त म्हणून. 'उष्ण सागरकिनारी कॅराव्हॅन पर्यटन तळ' मात्र मंजूर झाला आणि पांढऱ्याशुभ्र गाड्या गोदामासमोर येऊन उभ्या राहिल्या. गाडी म्हणजे चाकावरचं घरच. आत पलंग, शेगडी, बेसिन, संडास आणि डोक्यावर पाणी सोडणारा फवारा.

"उष्ण तर आपण आहोतच," रेणुकादासराव म्हणाले. "आता किनारा बघा."

बोरगाळचे सरपंच संगप्पा यांना बोलावणं गेलं. बोरगाळचा तलाव तेव्हा इतका आटला होता की त्यात पोरं क्रिकेट खेळत.

"तुमच्या तलावाला किनारा आहे का?"

"हाय की साहेब. चारी बाजूंनी किनाराच हाय. मधी पाणी तेवढं न्हाई."

रेणुकादासरावांनी मंजुरीचा कागद दोनदा वाचला. "किनारा म्हटलंय. पाण्याचा उल्लेख नाही."

गाड्या तलावात उतरल्या. झालर लावलेल्या छत्र्या आल्या, आरामखुर्च्या आल्या. मग गाड्यांच्या टाक्या भरायच्या निघाल्या, आणि इथं कथेला गाठ बसली. बोरगाळला रोज एक टँकर येई. तो गावच्या विहिरीत पाणी ओती आणि बाया तेच पाणी पोहऱ्यानं शेंदून घेत. तो टँकर आता तळाकडं वळला.

बोरगाळात शिवनाम सप्ताह तोंडावर आला होता. सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी अख्ख्या गावाला हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, रांधायचा मान नागम्माचा. नवरा गेला, लेक हैदराबादेला गेली, पण नागम्माची हुग्गी एका सप्ताहाला चुकली नाही. कीर्तन कितीही रंगलं तरी तिच्या हुग्गीशिवाय ते पोटात उतरत नाही, हे मी स्वतःच्या पोटावरून सांगतो. आणि हुग्गीला पाणी लागतं. गहू ओलवून कांडायला पाणी, शिजवायला पाणी, कढई घासायला पाणी.

नागम्मा गोदामात जाऊन उभी राहिली. "साहेब, आमच्या हिरीत टँकर कवा वतणार?"

"अव्वा, पाणी टंचाई कक्षाकडून पर्यटन कक्षाकडं वर्ग झालंय."

"म्हंजी कुटं गेलंय?"

"तलावात."

"मग येक घागर तलावातून न्हेते."

"ते पर्यटकांसाठी आहे. तुम्ही पडलात रहिवासी. रहिवाशाला माणशी वीस लिटर, तेही आलं तर. पर्यटकाला एकशे पस्तीस, आणि ते येणारच."

संगप्पा मागंच उभा होता. "मग आमी पर्यटक हून जातो की, साहेब! पर्यटक म्हनून कोन धरतात?"

रेणुकादासरावांनी नियम काढला. "पर्यटक म्हणजे जिल्ह्याबाहेरची व्यक्ती. पुरावा, आधारकार्डावरचा पत्ता."

नागम्मानं कंबरेची पिशवी सोडली. कार्डावर जिल्हा जुनाच होता. साऱ्या गावाच्या कार्डावर जुनाच होता. जिल्हा बदलला होता, कार्डं बदलायला कोणी आलं नव्हतं. म्हणजे बोरगाळचं अख्खं गाव सरकारी नजरेत बोरगाळला फिरायला आलेलं होतं.

रेणुकादासरावांनी डोळे मिटले, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच कचेरीत टाळी वाजवली.

गाव तलावात राहायला गेलं. सप्ताह झालरीच्या छत्रीखाली बसला, पोथी आरामखुर्चीवर ठेवली. शेजारच्या कस्तुराबाईनं फवाऱ्याखाली घागर धरली आणि नागम्माला म्हणाली, "अगं बाय, वरून पानी पडून राहिलंय! पोहरा नको, दोर नको!"

"हळू बोल," नागम्मा म्हणाली. "आयकलं तर बंद करतील."

ऐकलंच. गाड्या एक दिवसही रिकाम्या नाहीत, हा पराक्रम वर पोचला. मोठे साहेब पाहणीला निघाले. वाटेत गाव लागलं. घरांना कड्या, विहीर कोरडी, माणूस नाही. त्यांनी मोटारीतूनच शेरा लिहवला की गावात लोकसंख्या आढळत नाही, सबब टँकरची मागणी कायमची निकाली काढावी. तलावात येऊन त्यांनी पर्यटकांची विचारपूस केली.

"कुठून आलात, आजी?"

"बोरगाळहून."

"आणि हे कोणतं गाव?"

"बोरगाळ."

मोठे साहेब रेणुकादासरावांकडं वळले. पण ते रागावले नाहीत. त्यांना एवढंच वाईट वाटलं की आपल्या जिल्ह्याची माणसं अजून दुसऱ्या जिल्ह्याची कार्डं घेऊन फिरतात. त्यांनी तिथंच कार्डदुरुस्तीचं शिबिर लावलं. पहिलं दुरुस्त कार्ड नागम्माला, शाल-श्रीफळासह. टाळ्या झाल्या, फोटो झाला. नागम्मा जिल्ह्याची रीतसर रहिवासी झाली, त्यामुळं पर्यटक राहिली नाही, त्यामुळं संध्याकाळच्या आत गाडीतून उतरली. तिच्यामागं सारं गाव उतरलं. पर्यटन कक्ष पाणी देईना, कारण ते रहिवासी. टंचाई कक्ष देईना, कारण गावात लोकसंख्या नाही.

दुसरा दिवस हुग्गीचा. गहू कांडून तयार होते. नागम्माच्या घरात म्हशीसाठी राखलेला एक रांजण होता. ती गोठ्यात गेली, म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला, तिला काहीतरी सांगितलं आणि रांजण कढईत ओतला. हुग्गी झाली.

त्याच दिवशी तळावर खरे पर्यटक आले. पुणे-मुंबईची चांगली, शिकलेली माणसं. समुद्र नसलेला समुद्रकिनारा म्हणून त्यांना मोठी गंमत वाटली. लेकरं फवाऱ्याखाली नाचत होती आणि सांडपाण्याची नळी बाहेर गळत होती. तहानलेल्या म्हशीसाठी नागम्मानं त्या नळीखाली घागर लावली. एका बाईंनी तिचा फोटो काढून मोबाइलवरून जगाला दाखवला. खाली लिहिलं, 'किती साधी, किती समाधानी माणसं!'

नागम्मा म्हणाली, "ताई, आतल्या नळाची येक घागर मिळंल का? म्हस साबनाचं पानी पीत न्हाई."

"अहो मावशी, टाकीतलं मोजकंच असतं हो. आम्हालाच उद्यापर्यंत पुरवायचंय."

"बरं," नागम्मा म्हणाली. परत गेली आणि आली ती परातभर हुग्गी घेऊन. आपल्या गावच्या किनाऱ्यावर आलेली माणसं, सप्ताहाच्या दिवशी प्रसादावाचून कशी जातील? त्यांनी वाट्या चाटूनपुसून खाल्ल्या. मग चिकट हात पुढं केले, आणि नागम्मानं कंबरेशी धरलेल्या तांब्यातलं, स्वतःच्या पिण्याचं पाणी त्यांच्या हातांवर घातलं.

झाली कथा. ते महाराज आलेच, टाळ काढा. त्या फोटोला आवडल्याचा अंगठा तुमच्यातल्या कितीजणांनी दिला, ते मी विचारत नाही; माझाही त्यात आहे. मागणं इतकंच आहे. आज घरी जाल, हातपाय धुवाल, आणि पाणी पायांवरून मोरीत जाताना दिसेल. त्या वेळी नागम्माला आठवा. तिच्यासाठी नको, तिला आपली सवय आहे. माझं पाणी कुठं गेलं, असं तिच्या म्हशीनं विचारलं असेल, त्याचं उत्तर आपल्यापैकी कोणाला तरी सुचतं का, ते बघण्यासाठी.