खालच्या आजींचा वाडगा

माणूस ओळखायला आपल्याला दोन मिनिटं पुरतात, असा भिंगरीच्या बाबाचा दावा होता. दोन मिनिटंसुद्धा जास्तच झाली! बॉस, सासरेबुवा, वरच्या मजल्यावरचे काका, या सगळ्यांना त्याने दोन मिनिटांत ओळखलं होतं आणि सगळ्यांबद्दलचं मत नंतर गुपचूप बदललं होतं. दावा सांगताना हा दुसरा भाग तेवढा तो गाळत असे.

कंपनीने त्याला पुलांचे नकाशे आखायला परदेशी पाठवलं, तेव्हा विमानात बसल्या बसल्याच त्याने बायकोला सांगून टाकलं, "हे बघ, परक्या मुलखात पहिल्या दिवसापासून सावध राहायचं. तू भिंगरीला सांभाळ, माणसं मी सांभाळतो!"

"अदलाबदल करू या का?" बायको म्हणाली. तिच्या मांडीवरून भिंगरी तेव्हा पुढच्या सीटवरच्या माणसाच्या टकलावर चढायच्या बेतात होती.

भिंगरी अडीच वर्षांची. तिला एक छान, चार अक्षरी, आत्याने ठेवलेलं नाव होतं. पण पोरगी चालायला लागली त्या दिवसापासून ते नाव कुणी वापरलं नव्हतं. ती जागची हलली की जागा कळायची नाही, आणि हलली नाही की काहीतरी फुटलेलं असायचं.

घर मिळालं तिसऱ्या मजल्यावर, सामानसुमानासकट. इंग्रजी येणाऱ्या सडपातळ एजंटने चावी दिली आणि सत्तेचाळीस वस्तूंची यादी वाचायला घेतली. "खुर्च्या चार, दिवे पाच..." इतक्यात भिंगरी लिफ्टमध्ये शिरली आणि लिफ्ट तिला घेऊन चालती झाली! बाबाने एक डोळा लिफ्टवर ठेवून यादीखाली सही ठोकली आणि जिन्याने धावत सुटला. काचेची, चिनी मातीची सगळी भांडी त्याने त्याच दिवशी, भिंगरीच्या भीतीने, माळ्यावरच्या कपाटात रचून टाकली. एक भांडं उचला, एक वर द्या, यात मदतीला अर्थातच भिंगरी होती. स्वयंपाकाला बायकोने आपली स्टीलची भांडी बॅगेतून आणलीच होती, सासूबाईंनी नाव घालून दिलेली.

तीन महिन्यांनी एजंट येऊन सगळं पाहणार आणि मग घराचा पक्का कागद देणार, असं ठरलं. त्या कागदावर सगळं अडलं होतं. कागद असेल तरच पाळणाघर भिंगरीला घेणार, आणि भिंगरी पाळणाघरात गेली तरच बायको नोकरीवर जाणार. दवाखान्यात फिजिओथेरपिस्टची नोकरी तिला मिळालीही होती. त्या लोकांनी तीन महिने वाट पाहायचं कबूल केलं होतं. त्यापुढे एक दिवससुद्धा नाही.

दुसऱ्याच दिवशी दुपारी दाराची बेल वाजली. दारात एक पांढऱ्या केसांच्या बाई. हातात निळा वाडगा, वाडग्यात बिस्किटं. त्या बरोब्बर खालच्याच घरात राहत होत्या. त्यांची भाषा यांना येईना, यांची त्यांना. बाईंनी एक बोट वर केलं, सपकन खाली आणलं आणि म्हणाल्या, "धप!" मग पुन्हा वर, पुन्हा खाली. "धप!" मग हसल्या, वाडगा बायकोच्या हातात दिला, आत बाल्कनीच्या दिशेने मान लांबवून पाहिलं आणि निघून गेल्या.

"किती गोड आजी आहेत!" बायको म्हणाली.

"गोड?" बाबाने दार लावून कडी घातली. "अगं, ती तक्रार होती! वरून खाली धप, वरून खाली धप! आपली पोरगी उड्या मारते, हे सांगायला आली होती."

"बिस्किटं घेऊन?"

"हीच तर मेख आहे! आणि जाताना घरात डोकावली कशी, पाहिलंस? काहीतरी पाणी मुरतंय."

"धप!" वाडग्याकडे बोट दाखवून भिंगरी आनंदाने ओरडली.

"बघ! पोरीलासुद्धा कळलं."

त्या संध्याकाळी त्याने बैठकीच्या खोलीत दोन गाद्या अंथरल्या. बाल्कनीच्या कठड्याला जाळीही लावली, म्हणजे डोकावणारीला काही दिसायला नको.

आता प्रश्न वाडग्याचा. सासूबाईंना फोनवर दाखवला. त्या म्हणाल्या, "काय ग, शेजारणीचं भांडं रिकामं पाठवू नकोस हो. आपल्यात नाही पाठवत." वाडगा घासताना बायकोला तळाशी चिकटवलेला एक छोटा आकडा दिसला, एकतीस. तिला त्याचं काही नवल वाटलं नाही. आपण भांड्यांवर नावं घालतो, हे लोक आकडे घालत असतील! तिने वाडग्यात शिरा भरला आणि खाली देऊन आली.

तिसऱ्या दिवशी वाडगा परत आला. जामाची वाटी आत ठेवलेली. बायकोने चार लाडू पाठवले. तिसऱ्या दिवशी वाडगा पुन्हा हजर, केक घेऊन! बायकोने चिवडा पाठवला. मग नासपती आल्या. मग पुऱ्या गेल्या. मग कसलंसं सूप आलं, वर झाकण म्हणून ताटली, आणि ती ताटलीही रिकामी कशी पाठवायची म्हणून तिच्यावर वड्या गेल्या.

"ही बाई थांबत का नाही?" बाबाने विचारलं.

"मी थांबत नाही म्हणून! आणि मी कशी थांबू? त्यांचं भांडं माझ्याकडे राहिलं तर त्या काय म्हणतील?"

"अगं, पण दर तिसऱ्या दिवशी ती आपल्या दारात असते. येते, बाल्कनीकडे बघते, मान हलवते, जाते. ही पाळत आहे! वाडगा हे निमित्त. काल मी तिला खाली एजंटशी बोलताना पाहिलं."

"मग काय झालं? तो इमारतीत येतो, त्या इमारतीत राहतात."

"तुला माणसं ओळखता येत नाहीत."

भिंगरीला आता घरात चालायलाही पायमोज्यांवर पायमोजे घालावे लागत. बाबा स्वतः चवड्यांवर चालायचा. खुर्च्यांच्या पायांना त्याने आपले जुने मोजे चढवले. भिंगरी हसली तरी तो "शूऽऽ" करायचा. पाहुण्यांनी पाहिलं असतं तर त्यांना वाटलं असतं, घरात कुणीतरी फार आजारी आहे. दर वेळी वाडगा पाहिला की पोरगी मात्र "धप! धप!" करून टाळ्या पिटायची आणि बाबा धावत जाऊन दार लावून घ्यायचा.

तपासणीला आठवडा उरला तेव्हा त्याने माळ्यावरचं कपाट उघडलं आणि यादी घेऊन बसला. प्रत्येक वस्तूच्या तळाशी आकडा चिकटवलेला होता. सत्तेचाळीसपैकी सेहेचाळीस सापडल्या. 'एकतीस: खोल वाडगा, एक' सापडेना! त्याने पलंगाखाली पाहिलं, धुलाई यंत्रात पाहिलं, आपल्या ऑफिसच्या बॅगेतही पाहिलं. मग तो मांडी घालून बसला आणि त्याला सगळं लख्ख उमगलं. वाडगा कधी नव्हताच! एजंटने न दिलेली वस्तू यादीत घुसडली होती. का? आपल्याला घराबाहेर काढायला! आणि खालची बाई त्याला सामील!

"काय झालं? यादी जुळली ना?" बायकोने विचारलं.

"घोळ आहे. पण वेळ आली की बोलेन."

"आत्ता सांग ना!"

"नको. तुझ्या तोंडावर सगळं दिसतं. एजंट सावध होईल."

खरं तर तेव्हा त्याने एकच आकडा तोंडातून काढला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण फौजदार पुरावा आधी सांगत नसतात.

तपासणीच्या सकाळी बायकोने घर आरशासारखं केलं. दवाखान्यात रुजू व्हायची तारीख होती सोमवार, आणि हा शुक्रवार. तिने आपला नवा कुर्ता इस्त्री करून कपाटाला लावूनही ठेवला होता. बाबाच्या ते लक्षात आलं आणि त्याला थोडं कसंसंच वाटलं. पण आता माघार घ्यायची नाही, असं त्याने मनाशी पक्कं केलं.

एजंट आला. खुर्च्यांनी घातलेले मोजे त्याने वाकून पाहिले. गाद्या ओलांडत एकेक वस्तूवर खूण करत गेला. "एकोणतीस, तीस... एकतीस?"

बाबाने हाताची घडी घातली. गेला आठवडाभर तो या क्षणाची आंघोळीच्या वेळी तालीम करत होता.

"एकतीस नंबर या घरात कधीही नव्हता!"

"पण तुमची सही आहे."

"सही माझी, वाडगा तुमच्या कल्पनेतला! आम्ही परके आहोत म्हणून काहीही खपवाल? मला सगळं कळतं!"

एजंटच्या कपाळावर आठी उमटली. "ठीक आहे. मग मला तसं लिहून ऑफिसला पाठवावं लागेल. चौकशी होईल. कागदाला महिनाभर लागेल."

"महिनाभर?" बायको मटकन सोफ्यावर बसली. "अरे, सोमवार! माझा सोमवार! आणि वाडगा हरवलाय हे तू मला आत्ता सांगतोयस?"

"हरवला नाही, नव्हताच! तू जरा थांब..."

बेल वाजली. दारात खालच्या आजी! हातात निळा वाडगा, त्यात शिगोशीग चेरी. त्यांनी आत एजंटला पाहिलं आणि ओळखीचं हसल्या. एजंटही हसला.

"बघितलंस?" बाबा मराठीत पुटपुटला. "दोघं सामील आहेत! आत्ताच बरोब्बर कशी आली?"

या बाईला एक क्षणही थारा द्यायचा नाही! त्याने वाडगा हिसकावला, चेरी सोफ्यावर ओतल्या आणि रिकामा वाडगा तिच्या हातात कोंबला.

"अरे, रिकामा?" एवढ्या संकटातही बायको किंचाळली.

आजींनी दोन्ही हात नाचवत 'नको, नको' केलं आणि वाडगा परत त्याच्याकडे ढकलला. त्याने त्यांच्याकडे ढकलला. आजी वयाच्या मानाने भलत्याच दणकट निघाल्या! उंबरठ्यावर दोन-चार वेळा ही रस्सीखेच झाली, वाडगा उलटा झाला आणि एजंट पुढे वाकला.

"थांबा. तळाला काय लिहिलंय?"

तळाला छोट्या गोल चिकटपट्टीवर लिहिलं होतं, एकतीस.

सोफ्यावरून एक चेरी घरंगळत खाली आली. ती चेरी उचलून तोंडात टाकत भिंगरी पुढे आली आणि वाडग्याला कवटाळून म्हणाली, "माझा! मी टाकला. खाली, धप!"

बायकोने कपाळाला हात लावला. "अरे देवा! ती तीन महिने हेच सांगत होती!"

मग एजंटने दोन्ही बाजूंचं बोलणं इकडून तिकडे सांगायला घेतलं. हे लोक राहायला आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी हा वाडगा बाल्कनीतून पडला तो थेट आजींच्या फुलांच्या कुंडीत. माती मऊ म्हणून फुटला नाही. पोरीला रागावू नये म्हणून आजींनी चार बिस्किटं घालून तो परत आणून दिला आणि खुणेने सांगितलंही. तर हे लोक तोच वाडगा भरून परत खाली! त्यांना वाटलं, नाकारलं तर या लोकांचा अपमान होत असेल. रिकामा नेऊन द्यावा, तर ते बरं दिसेना. गेले तीन महिने त्या दर तिसऱ्या दिवशी काहीतरी करत होत्या, आणि त्यांना स्वयंपाकाचा पहिल्यापासून कंटाळा होता!

"त्या विचारतायत," एजंट म्हणाला, "की आता त्या थांबल्या तर चालेल का?"

बाबाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "आणि... माझ्याबद्दल तुमच्याशी बोलल्या होत्या, ते काय?"

"कागद द्यायच्या आधी शेजाऱ्यांना विचारावं लागतं. माणसं फार चांगली आहेत, असं म्हणाल्या. फक्त मूल इतकं शांत कसं, याची त्यांना काळजी वाटत होती. आवाज येत नाही म्हणून त्या बाल्कनीकडे बघायच्या, पोरगी बरी आहे ना ते."

एकतिसावर खूण झाली आणि कागदावर सही. बायकोने तो कागद दोन्ही हातांनी धरला, पुन्हा पुन्हा वाचला आणि तिचे डोळे भरून आले. बाबाला खरंच लाज वाटली. सोमवार हिचा होता आणि तो त्याने जवळजवळ स्वतःच्या हुशारीपायी घालवला होता. "चुकलो ग," तो म्हणाला. ती एवढंच म्हणाली, "आधी गाद्या उचल."

त्याने गाद्या उचलल्या, खुर्च्यांचे मोजे काढले. भिंगरीने तीन महिन्यांच्या साठलेल्या उड्या एकाच दुपारी मारून टाकल्या.

सोमवारी बायको नव्या कुर्त्यात कामावर गेली. संध्याकाळी बाबा आभार मानायला खाली गेला. लाडू मात्र त्याने कागदी पिशवीत नेले. भांडं नाही म्हणजे परत करायचा प्रश्नच नाही! आपल्या या युक्तीवर तो जिना चढून येईपर्यंत खूश होता.

तिसऱ्या दिवशी बेल वाजली. दारात आजी. हातात तीच कागदी पिशवी, काठोकाठ भरलेली. चेहऱ्यावर, तुमची रीत मला आता कळली, असं समाधान!

बाबाने पिशवी घेतली, मान लववली, दार लावलं. आणि आत काय आहे ते पाहण्याआधी त्याने ती सवयीने उलटी केली, तळाला आकडा आहे का ते पाहायला. आठ सफरचंदं जमिनीवर पडली.

"धप!" भिंगरीने मोजायला सुरुवात केली. "धप! धप! धप!"