पोट, पितांबर आणि मटार

चिन्मयीच्या लग्नाला एकवीस दिवस उरले होते आणि तिच्या बापाला, योगेंद्रला, एकच काळजी होती. कन्यादानाला उघड्या अंगाने, पितांबर नेसून बसायचं. समोर नागपूरचे व्याही रामराव, परवाच व्हिडिओ कॉलवर छडीसारखे ताठ आणि सडपातळ दिसलेले. आणि वर फोटो काढणारा ड्रोन.

पोट हट्टी होतं. रोज नर्मदेवरच्या ग्वारीघाटापर्यंत चालूनही तसूभर हललं नव्हतं. ओमती चौकातल्या डॉक्टरांनी शांतपणे दोन मार्ग सांगितले. शस्त्रक्रियेने चरबी ओढून काढली तर पुढे सहा आठवडे घट्ट पट्टा. यंत्राने गोठवली तर चिरफाड नाही, पण फरक दिसायला दोन-तीन महिने. म्हणजे एकात पितांबरावर पट्टा, आणि दुसऱ्यात पोट उतरणार ते लेकीच्या मंगळागौरीला.

घरी येताना त्याला वाटलं, थंडीच हवी ना? जबलपुरातल्या प्रत्येक घरासारखा त्यांच्याही फ्रीजरमध्ये वर्षभराचा सोललेला मटार होता. बायकोचं, सरोजिनीचं, लक्ष नसताना तो रोज एक पिशवी पंच्यात गुंडाळून पोटावर बांधू लागला. वर सैल कुर्ता, आणि जेवताना दुसरी वाढ बंद. डॉक्टरांचं यंत्र थंडी मोजून देतं, मटार मोजत नाही, हे त्याला पाच दिवसांत सुचलं नाही.

सहाव्या दिवशी न कळवता रामराव दारात उभे. रिछाईच्या कारखान्यांकडे काम होतं, म्हणाले, म्हटलं डोकावून जावं. सरोजिनीने खुर्ची पुढे केली, मग सोफा दाखवला, मग दिवाण. रामराव उभेच.

तिने नवऱ्याला स्वयंपाकघरात ओढलं. "काहून बसून नाही राहिले ते? मानपानाचं काही राहिलं का?"

इकडे मटार वितळत होता. कुर्त्यावर बेंबीच्या जागी ओला डाग पसरला होता. योगेंद्र तसाच बाहेर आला, हात जोडले. "व्याहीबुवा, आमचं काही चुकलं असेल तर..." म्हणत वाकला, आणि पंचा सुटला. पिशवी आपटून फाटली. मूठभर दाणे फरशीवर घरंगळले. एक थेट रामरावांच्या अंगठ्याशी थांबला.

"मटर?" रामराव म्हणाले.

"थंडीनं चरबी जाते म्हणतात," योगेंद्र मान खाली घालून म्हणाला. "उघडं बसायचं आहे. तुमच्यासमोर."

 स्वयंपाकघराकडे एक नजर टाकून रामरावांनी शर्ट वर केला. छातीपासून कंबरेपर्यंत घट्ट पट्टा.

"बारा दिवस झाले ऑपरेशनला. बसलं की काचते. मलाही तुमच्यासमोरच बसायचं होतं ना."

रामरावांना वाकता येत नव्हतं, म्हणून दाणे योगेंद्रनेच वेचले. तेवढ्यात सरोजिनी आली. नवऱ्याच्या हातात पिशवी पाहून तिला बरं वाटलं. "अच्छा, पोह्यांसाठी काढून ठेवले होय? सांगायचं ना." खालचे वेचलेले बाजूला ठेवून तिने पिशवी नेली. 

पोहे रामरावांनी उभ्यानेच खाल्ले. सोबत म्हणून योगेंद्रही उभा राहिला. मटार बाजूला सारला असता तर कारण सांगावं लागलं असतं, म्हणून दोघांनी एकूण एक दाणा खाल्ला.

"उपरणं जरा रुंद घेऊ," रामराव हळूच म्हणाले. "दोघांचंही."

सहा दिवसांत पहिल्यांदाच योगेंद्रने दुसऱ्यांदा वाढून घेतलं.