उभे, बसके आणि ऐक्य समिती

आमच्या रस्त्याच्या दोन बाजूंना दोन चर्च आहेत आणि दोन्हींकडे एकच बायबल वाचतात. डावीकडची मंडळी उभ्याने प्रार्थना करते, उजवीकडची बसून. म्हणून सगळे त्यांना उभे आणि बसके म्हणतात. माझी आई बसक्यांत, तिची सख्खी बहीण उभ्यांत. दोघी राहतात एकाच घरात. गेली एक्केचाळीस वर्षं दर रविवारी त्या हात धरून रस्त्याच्या मधोमध येतात, तिथे हात सोडतात आणि आपापल्या दाराने आत जातात.

यंदा सोळा तारखेला मावशी कायमची लेकीकडे परगावी जायची होती. आईने दोन्ही चर्चच्या पाळकांना अर्ज दिला, की त्याआधी एकदा तरी आम्हा बहिणींना एका बाकावर प्रभुभोजनाचा पाव आणि द्राक्षरस घेऊ द्या.

अर्ज रास्त होता. साहजिकच समिती नेमावी लागली. पाच उभे, पाच बसके आणि चिटणीस मी. मी बसक्यांचा असलो तरी दोन्ही बाजू मला सारख्याच हिडीसफिडीस करतात, म्हणून निःपक्षपाती ठरलो.

पहिली सभा प्रार्थनेने सुरू करायची होती, त्यामुळे ती सुरूच होईना. अखेर उपसमितीने तोडगा काढला: गुडघे अर्धे वाकवावेत, म्हणजे ना धड उभे, ना धड बसलेले. लगेच प्रात्यक्षिक झालं. उभ्यांच्या पाळकांनी प्रभू येशूने अटकेआधी आपल्या माणसांच्या एकीसाठी कसं कळवळून मागितलं, यावर अकरा मिनिटं प्रार्थना केली. नवव्या मिनिटाला एका निवृत्त मास्तरांची कंबर धरली. त्यांना उभं करायचं की बसवायचं यावर मतदान घेतलं. पाच विरुद्ध पाच. मास्तर अजून तसेच आहेत.

मग प्रभुभोजनाच्या प्याल्याचा विषय निघाला. उभे सगळे मिळून एकाच प्याल्यातून पितात, बसके ज्याच्या त्याच्या छोट्या पेल्यातून. मधोमध मोठा प्याला रिकामा ठेवावा आणि भोवती छोटे भरून ठेवावेत, असं मी सुचवलं. उभे म्हणाले, हा अपमान आहे. बसके म्हणाले, प्याला उगाच जागा अडवतो. विषय पुढे ढकलण्यात आला.

"काय रे, ठरलं का?" आईने विचारलं.

"वातावरण सकारात्मक आहे."

"तिची बॅग भरून झाली."

"पुढची सभा सतराला आहे, आई."

"अरे, ती सोळाला निघतेय!"

"तशी नोंद घेतो," मी म्हणालो.

सोळाला सकाळी मी स्वयंपाकघराच्या दारात थबकलो. टेबलावर पावाचा तुकडा आणि द्राक्षरसाचा एक पेला होता. मावशीचे गुडघे दुखत होते, म्हणून ती बसली होती. पेला तिच्या ओठांना लावायचा, म्हणून आई उभी होती. दोघी डोळे मिटून पुटपुटत होत्या आणि दोघींची आसवं टेबलावर पडत होती. मीही बाहीने डोळे पुसले. पण चिटणीस म्हणून माझं काही कर्तव्य होतं.

सतराला मी अहवाल वाचला. उभ्यांची बाई बसून! बसक्यांची उभ्याने! पाळकाविना, समितीच्या मंजुरीविना! दोन्ही पाळकांनी इतिहासात प्रथमच एकमेकांकडे पाहून मान डोलावली. दोघींना समज देण्याचा ठराव दहा विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला. लोकांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. मास्तरांनीही वाकल्या वाकल्या हात वर केला.

घरी येऊन मी आईला समजपत्र दिलं. तिने चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

"म्हणजे तुम्ही सगळे एक झालात?"

"एकमताने!"

"बरं झालं. मग आता रविवारी एकत्र बसाल?"

"तो विषय वेगळा आहे," मी म्हणालो.

येत्या रविवारी ती रस्त्याच्या मधोमध एकटीच येईल.

तर, मास्तरांनी प्रकृतीच्या कारणाने राजीनामा दिल्याने समितीत एक जागा रिकामी आहे. ऐक्याची तळमळ असलेल्या कोणालाही अर्ज करता येईल. आपण आत्ता आमच्यावर मनापासून हसलात, म्हणजे तळमळ दिसतेच आहे. अर्जावर फक्त आपल्या चर्चचं नाव लिहा आणि रस्त्यापलीकडच्या चर्चमधल्या कोणाही एका माणसाचं. नाव आठवत नसेल तर ती जागा कोरी सोडा. आम्हीही सगळ्यांनी तशीच सोडली होती.