पुराव्याचा पाय

एका जंगलात पाणवठ्याकडे जाणारी नवी वाट होत होती, मुलांनो. खोदायचं काम रानडुकरांकडे होतं. त्यांनी वाटेच्या मधोमध खड्डा खणला, वर पाचोळा पसरला आणि ते जेवायला निघून गेले.

त्या वाटेने सावरी आली. सावरी ही भेकरी, म्हणजे घाबरली की कुत्र्यासारखं भुंकणारं छोटं हरीण. ती खड्ड्यात पडली. पाय मोडला. तिचं भुंकणं ऐकून वानरमावशी धावत आली आणि तिने तिला वर ओढलं.

मावशी हाडं बसवण्यात तरबेज होती. तिने बांबूच्या कामट्या आणल्या.

तेवढ्यात खोकडभाऊ आला. जखमींना सल्ला देणं हा त्याचा धंदा.

"मावशी, हात लावू नका. पाय सरळ झाला तर पंचांना दाखवायचं काय?"

"पाय."

"सरळ पाय सगळ्यांनाच असतो, मावशी."

सावरीला ते पटलं. महाराजांचा नियमच होता : वाटेच्या कामामुळे कुणी जखमी झालं, तर ते बरं होईपर्यंत चारा डुकरांनी पोचवायचा. पण दुखापत सिद्ध करायला हवी. लंगडत कुरणापर्यंत जाणं सावरीला जमणार नव्हतं. चारा मिळाला नाही तर तिचा हिवाळा निघणार नव्हता.

म्हणून तिने पाय बांधला नाही. खड्ड्यावरचा पाचोळा दगडाखाली जपून ठेवला. डुकरांनी खड्डा बुजवू नये म्हणून ती काठावरच बसून राहिली. कुणी येताना दिसलं की ती भुंके आणि येणारा बाजूने जाई.

"अगं, निदान सावलीत तरी बस," मावशी म्हणाली.

"सावलीतून खड्डा दिसत नाही."

पंचनाम्याची तारीख पुढे गेली. मग आणखी पुढे गेली. पाय वाकडाच जुळला. खोकडभाऊ खूश झाला.

अखेर पंच म्हणून कासवअण्णा आले. त्यांनी पाचोळा हुंगला, खड्ड्यात डोकावून पाहिलं, पाय निरखला.

"पुरावा छान जपलायस, पोरी. पण तुला पडताना कुणी पाहिलं?"

"कुणीच नाही, अण्णा."

"मग आमच्यासमोर पडून दाखव."

सावरीने खोकडभाऊकडे पाहिलं. त्याने मान डोलावली. ती पडली. दुसरा पायही मोडला.

अण्णांनी निकाल सांगितला : "खड्डा आहे हे ठाऊक असताना भेकरी पंचांसमक्ष स्वतःहून आत गेली. चारा नामंजूर."

"मला वर तरी काढा," आतून आवाज आला.

"निकालावर महाराजांची मोहोर उमटेपर्यंत जागेला हात लावता येत नाही."

डुकरांच्या मुकादमाने विचारलं, "मग खड्डा कधी बुजवायचा, अण्णा?"

"बुजवायचा कशाला? कुणी जवळ आलं की आतून भुंकतो. इतका सुरक्षित खड्डा जंगलात दुसरा नाही."

सगळे गेल्यावर वानरमावशी कामट्या घेऊन खड्ड्यात उतरली. तिच्यावर आता पुराव्यात ढवळाढवळ केल्याचा खटला चालू आहे.

तात्पर्य : मोडलेला पाय वेळेवर बांधून घेऊ नये. बांधला की प्राणी नुसता चालायला लागतो. न्याय हवा असेल, तर बसून राहावं लागतं.