हातिसकर चाळीचा पिशाच्चाविषयी अभिप्राय

लालबागच्या हातिसकर चाळीतले रहिवासी चंद्रकांत ऊर्फ चंदू पेडणेकर यांची एका मराठी चित्रपटात रक्तपिशाच्चाच्या जागेवर नेमणूक झाली, ही बाब चाळीच्या सर्वसाधारण सभेत टाळ्यांच्या गजरात नोंदवण्यात आली. मी तेव्हा चाळ कमिटीचा चिटणीस होतो. त्यामुळे पुढे जे काही घडलं ते रीतसर घडलं, याची हमी मी देतो.

गिरण्यांच्या संपाला त्या वेळी तीन वर्षं होत आली होती. तो मिटला असं कुणी सांगितलं नव्हतं आणि चालू आहे असं म्हणायला जीभ रेटत नव्हती. चंदू गिरणीत बदली कामगार होता. म्हणजे संपाच्या आधीही तो रोज सकाळी गिरणीच्या दाराशी उभा राहायचा. आत बोलावलं तर कामगार, नाही बोलावलं तर नुसता चंदू. संपात त्याचे गाल बसले, डोळे खोल गेले आणि मूळचा उजळ रंग पांढराफटक पडला. त्यात त्याचे वरचे दोन सुळे जन्मापासून ओठाबाहेर आलेले. त्या सुळ्यांपायी त्याची दोन ठरत आलेली लग्नं फिसकटली होती. दादरचे निर्माते भोसेकर करी रोडला कामगारांच्या नाटकाची तालीम बघायला आले आणि चंदू त्यांच्याकडे बघून आदराने हसला. तिथल्या तिथे नेमणूक झाली.

चित्रपटाचं नाव ‘जहागीरदार जागा आहे’. ठाकूरद्वारच्या एका निवृत्त पोस्टमास्तरांनी याच नावाची तीन भागांची कादंबरी लिहिली होती, तिच्या पहिल्या भागावरून तो बेतलेला. हा जहागीरदार दिवसा झोपतो, अंधार पडला की उठतो आणि लोकांचं रक्त पितो. मात्र त्याला एक अट आहे. घरातल्या माणसाने ‘आत या’ म्हटल्याशिवाय त्याला कुणाचाही उंबरठा ओलांडता येत नाही. ही अट वाचकांनी लक्षात ठेवावी. आमच्या चाळीने ठेवली नाही.

आता प्रश्न मालनचा. मालन आमच्या मजल्यावरच्या शेवटच्या खोलीत राहायची. तिचं आणि चंदूचं जमलं आहे, हे चाळीत सर्वांना माहीत असल्यामुळे त्यावर चर्चा झाली नव्हती. तिचे वडील कोंडीराम गिरणीच्या विणकाम खात्यात जॉबर, म्हणजे मुकादम होते आणि मुलगी द्यायची तर पर्मनंट माणसालाच, यावर ठाम होते. स्वतः पर्मनंट असूनही तीन वर्षं ते घरीच बसले होते, पण तत्त्व ते तत्त्व.

नेमणुकीच्या दिवशी चंदू पेढे घेऊन त्यांच्याकडे गेला.

“पिशाच्चाची नोकरी पर्मनंट असते काय रे?” कोंडीरामनी विचारलं.

“काका, पिशाच्च मरतच नाही. याच्याहून पर्मनंट काय असणार?”

“तिसऱ्या भागात मरतो तो. छातीत खुंटी मारतात. वाचलंय मी.”

पेढा मात्र त्यांनी घेतला. शेवटी सोबत आलेल्या भोसेकरांनाच मध्ये पडावं लागलं. ते म्हणाले, “खुंटीचं आपण तिसऱ्या भागात बघू. पुढचे भाग करायचे का आणि चंदूलाच घ्यायचं का, हे प्रेक्षकांच्या अभिप्रायावर ठरेल. प्रेक्षक घाबरले तर चंदू कायम.”

“कायम झाला तर मुलगी दिली,” कोंडीराम म्हणाले. मालन दाराआडून ऐकत होती. त्या दिवसापासून तिने शेजारणींना भुताच्या गोष्टी सांगायला सुरुवात केली. हेतू एवढाच, की त्यांना घाबरायची सवय व्हावी.

पहिला खेळ परळच्या थिएटरात लागला आणि भोसेकरांनी सगळ्या चाळीला फुकट बोलावलं. गेले नाहीत ते फक्त कोंडीराम. कादंबरी वाचलेल्या माणसाने सिनेमा बघून स्वतःचा पाणउतारा करून घेऊ नये, असं त्यांचं मत होतं. मी गेलो, परंतु चिटणीस या नात्याने लोकांना खुर्च्या दाखवण्यात माझा बराच वेळ गेला.

मध्यंतरानंतरचा प्रवेश चित्रपटाचा प्राण होता. काळोखी रात्र. नायिका घरात एकटी. दार वाजतं, ती उघडते, तर समोर काळ्या झग्यात जहागीरदार. उंबरठ्यापाशी थांबून तो अगदी हळू विचारतो, “आत येऊ?” यानंतर नायिकेने काहीही बोलायचं नव्हतं. वाद्यंही गप्प. ती ‘या’ म्हणते की काय, या धास्तीने प्रेक्षकांचा श्वास अडकावा, म्हणून दिग्दर्शकाने तिथे भली लांब शांतता ठेवली होती.

आमच्या चाळीत सकाळी उघडलेलं दार रात्री झोपतानाच लागायचं आणि दारात उभ्या माणसाला उभंच ठेवल्याचं कुणाच्या ऐकण्यात नव्हतं. वसुलीला आलेल्या माणसालाही आधी पाटावर बसवून, पाणी देऊन मगच नाही म्हणायची पद्धत होती. जहागीरदाराने विचारलं आणि सगळं थिएटर एका सुरात ओरडलं, “ये रे, ये! विचारतोस काय?”

चंदूची आई काशीबाई तर खुर्चीतून उठूनच उभी राहिली. “ये रे झिला! भायर कित्याक उभो?” आणि मग नायिकेकडे बोट दाखवून, “मेली बघत काय ऱ्हवली? पाणी दी त्येका!”

पहिल्या रांगेतून मासेवाल्या तुळसाने निदान केलं, “पोराच्या अंगान रगतच न्हाय. चिंबोरीचा रस्सा पाजा त्याला.”

दुसऱ्या दिवशी ही बातमी करी रोडपर्यंत गेली आणि लोक केवळ जहागीरदाराला आत बोलावण्यासाठी तिकीट काढू लागले. थिएटर भरत होतं, पण भोसेकरांचा चेहरा उतरत होता. भीतिपट काढला होता आणि लोक घरून चकल्या घेऊन येत होते. त्यांनी मला कळवलं, की प्रेक्षक घाबरले किंवा नाही, याबद्दल चाळीचा स्पष्ट अभिप्राय ऐकायला ते रविवारी जातीने येतील.

मी तातडीने सभा बोलावली आणि प्रेक्षकांची मतं मागवली. मतांना तोटा नव्हता. लवू सावंत म्हणाला, “माणूस कायम रात्रपाळीला आहे, त्याला रिलिव्हर नाही, सुट्टी नाही. यात घाबरायचं काय? युनियन पाहिजे त्याला.” दुसरं मत पडलं की रक्त पिणारे आम्हाला नवीन नाहीत, हा निदान विचारून पितो. शांतावहिनींची तक्रार नायिकेच्या घराबद्दल होती; एवढ्या मोठ्या घरात तिने दुपारी कुणाला बोलावलं असतं तर रात्री एकटं राहायची वेळ आली नसती. चंदू कोपऱ्यात बसून हे ऐकत होता आणि त्याचा रंग आणखी उडत होता.

मालनने उभं राहून स्पष्ट सांगितलं, “सगळ्यांनी घाबरलो म्हणा. काय बिघडतंय? मी तर घाबरले.”

“तू त्याच्यासाठी डबा घेऊन गेली होतीस,” कुणीतरी म्हणालं.

“घाबरत घाबरत नेला.”

घाबरल्याचा ठराव मांडला जाणार, तोच कोंडीराम उठले. “म्हणजे अख्खी चाळ ज्याला घाबरते, त्याच्या घरी मी मुलगी देऊ?”

पेच खरा होता. घाबरलो म्हणावं तर चंदू कायम होणार, पण लग्न मोडणार. नाही घाबरलो म्हणावं तर चंदू कायमच होणार नाही, आणि लग्न मोडणारच. अशा वेळी करायचं ते मी केलं. अभिप्राय समिती नेमली.

समितीने प्रथम प्रेक्षकांची छाननी केली. ज्यांनी चित्रपट पाहिला ते सगळे चंदूचे शेजारी, म्हणजे हितसंबंधी. त्यांचा अभिप्राय निःपक्षपाती धरता येत नाही, असं निष्पन्न झालं. नियमानुसार चित्रपटाविषयी मत देण्यास पात्र तोच, ज्याने तो पाहिलेला नाही. असा इसम चाळीत एकच होता. तेव्हा चाळीच्या वतीने अधिकृत अभिप्राय कोंडीराम देतील, असं एकमताने ठरलं.

“कादंबरीची सर नाही,” त्यांनी लगेच तिथल्या तिथे सांगितलं.

“काका, पहिला भाग कसा होता हो?” चंदूने नम्रपणे विचारलं.

“मी तिसरा वाचलाय. पहिले दोन वाचनालयात कधी जागेवर नसतात.”

याचा अर्थ त्यांनी ना चित्रपट पाहिला होता ना तो ज्यावर बेतला तो भाग वाचला होता. त्यांच्या निःपक्षपातीपणाबद्दल समितीच्या मनात उरलीसुरली शंकाही मिटली. मालन मात्र घरात जाऊन रडली. बापाचा अभिप्राय तिला लहानपणापासून माहीत होता.

रविवारी दुपारी कोंडीरामनी बांगड्याचं तिखलं आणि भात जेवून अभिप्रायाची मनातल्या मनात उजळणी केली आणि उघड्या दारापाशी चटई टाकून, तोंडावर पेपर घेऊन ते आडवे झाले. भोसेकर ठरल्यापेक्षा लवकर आले. ते जाहिरातीचे फोटो काढून थेट येत होते, त्यामुळे सोबत चंदू होता, आणि तो काळ्या झग्यात होता. गॅलरीत माणसं जमली. चंदू कोंडीरामच्या उंबरठ्याशी थांबला, वाकला आणि सवयीने हळूच म्हणाला, “काका, आत येऊ?”

कोंडीरामनी पेपर बाजूला केला. डोळ्यांसमोर दोन सुळे होते.

ती किंकाळी मी आजही विसरलेलो नाही. खालच्या मजल्यावरच्या बाया धावत वर आल्या. कोंडीराम भिंतीला पाठ लावून थरथरत होते, डोळे गच्च मिटलेले, तोंडाने रामनाम. आणि त्याच अवस्थेत, जन्मभराच्या वळणाने, त्यांच्या तोंडून निघून गेलं, “या... या ना, भायर का उभे? आत या. बसा. मालन, चहा टाक.”

चंदू आत आला आणि बसला. मालनने चहा आणला, तो सगळ्यांदेखत प्याला. बशीत घरच्या नारळाच्या वड्या होत्या, त्यांतली एक त्याने खाल्ली.

“घाबरले!” भोसेकर आनंदाने ओरडले. “कादंबरी वाचलेला प्रेक्षक घाबरला! चंदू, पुढचे दोन्ही भाग तुझे.”

“घरान घेतला, चहा दिला, वर गोड दिला,” तुळसा कमरेवर हात ठेवून म्हणाली. “झाली सोयरीक. आता मोडता यायची न्हाय, कोंडीरामभाऊ.”

“मी झोपेत होतो!” कोंडीराम म्हणाले. “हा अभिप्राय नव्हे!”

अधिकृत अभिप्राय जागेपणीच द्यावा असा नियम समितीने केलेला नव्हता. मी तो ग्राह्य धरला. काशीबाईने सुनेला मिठी मारली आणि कोंडीरामही अखेर हसले, कारण घाबरलेला माणूस हसला की तो घाबरला नव्हता असं लोकांना वाटतं.

लग्न झालं. दुसरा भाग निघाला, तिसराही निघाला. तिसऱ्यात खुंटी मारली गेली आणि चंदूची नोकरी सुटली, पण तोवर त्याला दोन मुलं झाली होती आणि दोघांचे दात सरळ होते. तो नालासोपाऱ्याला राहायला गेला आणि तिथे एका कारखान्यात कायम झाला.

हातिसकर चाळीच्या जागी आता टॉवर आहे. मी सतराव्या मजल्यावर राहतो. खाली वॉचमन आहे, तो वर फोन करून विचारतो. ‘पाठवा’ म्हटल्याशिवाय कुणाला लिफ्टपाशी सोडत नाही. दाराला आतून दोन कड्या आहेत आणि मधोमध एक छोटं गोल भिंग. मजल्यावर चार बिऱ्हाडं आहेत, त्यांची नावं दारांवर लिहिलेली असल्यामुळे मला माहीत आहेत.

गेल्या महिन्यात दुपारी बेल वाजली. मी भिंगाला डोळा लावला. बाहेर एक भलंमोठं तोंड होतं आणि त्यातून दोन सुळे थेट माझ्यावर आले होते.

“चिटणीस, आत येऊ?”

कडीवर हात ठेवून मी गप्प उभा राहिलो. वॉचमनने कसं सोडलं? फोन का नाही आला? दिग्दर्शकाला त्या प्रवेशात जी शांतता हवी होती आणि जी सबंध गिरणगावात कुठल्याही खेळाला मिळाली नाही, ती त्या दिवशी माझ्या घरात पूर्ण लांबीची झाली.

“अहो, मुलीच्या लग्नाचं आमंत्रण आहे,” बाहेरून चंदू म्हणाला. “पूर्वी थिएटरभर माणसं ‘ये’ म्हणायची. आता एक पण नाही होय?”

मी दार उघडलं, खरंच शरमलो. चंदू आत आला, ऐसपैस बसला, चहा प्याला, मालनने पाठवलेला डबा त्याने माझ्या हातात दिला. मी कशाला घाबरलो, हे सांगितल्यावर त्याला भारी गंमत वाटली. “तुम्ही बाहेर उभे राहा बघू,” असं म्हणून त्याने मला माझ्याच दाराबाहेर काढलं, दार लावलं आणि भिंगाला डोळा लावला. आतून त्याचं हसू थांबेना.

“चिटणीस,” तो म्हणाला, “तुमचे दात तर माझ्याहून मोठे आहेत!”

अभिप्राय समिती बरखास्त करण्याचा ठराव त्या काळी राहूनच गेला, हे कागद चाळताना माझ्या लक्षात आलं. तेव्हा ती अजून अस्तित्वात आहे. या चित्रपटाविषयी आपलं मत एव्हाना झालंच असेल. आपण तो पाहिलेला नाही, म्हणजे पूर्ण पात्र आहात. ते घ्यायला मी एखाद्या दुपारी येईन. बेल वाजली की खुशाल भिंगातून बघा, माझे दात किती मोठे दिसतात ते. मात्र अभिप्राय दार उघडून द्यायचा आहे.