आपआपली पात

“बंद करून टाका हे हॉकी!” असं ओरडत मनोहरराव घरात शिरले आणि समोर आलेला चहासुद्धा त्यांनी परत पाठवला. राग खराच होता म्हणायचा.

मनोहरराव म्हणजे आंजीच्या क्रीडा मंडळाचे अध्यक्ष आणि मुलींच्या हॉकी संघाचे मॅनेजर. हयात वांगी-टमाटर पिकवण्यात गेलेली, स्टिक कधी हातात धरलेली नाही; पण सल्ला द्यायला स्टिक कशाला लागते? पहिल्याच सामन्याआधी त्यांनी पोरींना बजावलं होतं, “निंदाले जाता तशा उभ्या राहा. आपआपली पात धरा. दुसरीच्या पातीत पाय टाकू नोका!”

पोरी पडल्या शेतकऱ्यांच्या. शेतातलं तण निंदताना आपल्या वाट्याच्या ओळी, म्हणजे आपली पात, सोडायची नाही हे अंगात मुरलेलं. चेंडू दोन पातींच्या मधून निघून जाई आणि दोघीजणी एकमेकींकडे सभ्यपणे बघत राहत. रोहण्याच्या संघाने गोलांचा नुसता पाऊस पाडला. पुढचे दोन सामनेही तसेच गेले.

“सीझन संपला का मीटिंगमंदी निकाल देतो. टीम मोडा!” मनोहररावांनी जाहीर केलं. “तवरक मी मैदानावर पाय ठेवत नाई!”

संघाची कप्तान त्यांचीच नात, रंजिता. हॉकी म्हणजे तिचा जीव की प्राण. ती रडली, उपाशी झोपली आणि सकाळी उठून पोरींना घेऊन सरावाला गेली.

आणि काय सांगावं! मनोहरराव घरी बसले आणि पोरी जिंकत सुटल्या. थेट वडनेरविरुद्धच्या अंतिम सामन्यात धडकल्या.

आता मनोहररावांना राहवेना. ते धुरपताबाईंना घेऊन मैदानालगत उभ्या केलेल्या भाजीच्या टेम्पोत, वांग्यांच्या कॅरेटांमागे लपून बसले. “टेम्पो रोडवर उभा हाय, मैदानावर नाई,” त्यांनी बायकोला समजावलं.

काय खेळत होत्या पोरी! एक दमली की दुसरी तिच्या जागी हजर. बघता बघता दोन गोल झाले. मनोहररावांचा ऊर भरून आला. ते ताडकन उठले आणि सवयीने ओरडले, “शाबास पोरीहो! आपआपली पात धरा!”

पोरी जागच्या जागी थबकल्या. वडनेरने गोल केला.

“अरे, थांबल्या काऊन? पात धरा म्हणतो ना!”

दुसरा गोल. बरोबरी!

धुरपताबाईंनी पदर त्यांच्या तोंडावर दाबला. “चूप बसा! तुमीच हरवून राह्यले त्याहिले!”

मनोहररावांचे डोळे एवढे मोठे झाले. तिकडे रंजिता किंचाळली, “पात सोडा वं!” आणि पोरींनी असा हल्ला चढवला की वडनेरची गोलकीपर पाहतच राहिली. आंजी जिंकली!

मीटिंगमध्ये मनोहरराव निकाल द्यायला उभे राहिले, तेव्हा रंजिताने श्वास रोखून धरला.

“पोरी लाखात एक हायेत,” ते म्हणाले. “टीम राह्यलीच पायजे. सुरुवात बिघडली ते माह्यापायी. आता मी मॅचले येत नाई.”

रंजिता धावत आली. “आबाजी, असं काऊन म्हणता? तुमाले तं याच लागन!”

“खरंच वं?”

“हाव! फक्त समोरच्या टीमपाशी बसत जा. अन् त्याहिले मन लावून शिकवत जा.”